‘बरा’ म्हटलेला ससा

सशाला सर्दी होते हे ज्यांना पटत नाही अशा लोकांशी वाद घालण्यात माझी निम्मी हयात गेली. त्यांतले पहिले माझे वडील. ते सांगली जिल्ह्यात गुराढोरांचे डॉक्टर होते. मीही तेच शिकले. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू फिरवायला शिकले, आणि मग नवऱ्याला ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले. गिंडीच्या मागे, लेथ मशीनची वर्कशॉपं संपून घरं सुरू होतात तिथे एका गाळ्यात दवाखाना थाटला. म्हशी येतील अशी आशा होती. आले ससे. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “सशाला औषध? कापायच्या आधी की नंतर?”

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून दवाखान्याला कुलूप लावलं. या अंकाच्या संपादकबाई ओळखीच्या. त्या म्हणाल्या, सशांच्या गमती लिहा, लोकांना आवडतील. गमती आहेत, एखाददुसरी सांगतेही. पण मी लिहायला बसले ती एका सशासाठी आणि एका बाईंसाठी, आणि त्यात गंमत फारशी नाही.

आधी धंद्यातलं थोडं सांगायला हवं. ससा नाकाने श्वास घेतो, जवळजवळ फक्त नाकानेच. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडून घोरत पडतो. सशाला ती सोय नाही. तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला की समजायचं, वेळ थोडा उरला आहे. सशाची जुनाट सर्दी म्हणजे शिंका, नाकातून पांढरा घट्ट शेंबूड, आणि श्वास घेताना बारीक घरघर. मी मात्र कधीच आधी नाक बघत नसे. नाक मालक रिक्षात पुसून आणतात. मी पुढच्या पायांची आतली बाजू बघायची. ससा नाक पुसतो ते पुढच्या पायांनी, त्यामुळे तिथले केस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. मालक सांगायचे, “मॅडम, कालपासून शिंकतोय.” पाय सांगायचे, तीन महिन्यांपासून.

हे जंतू नाकाच्या आत हाडांच्या कोनाकोपऱ्यांत, दातांच्या मुळांशी, कधी कानाच्या आत जाऊन बसतात. औषध तिथे पोचतं, पण थोडं थोडं. म्हणून पाच दिवसांच्या गोळ्यांनी सशाचं भागत नाही. आठवडे, महिने, काही सशांना तर जन्मभर अँटिबायोटिक द्यावं लागतं. त्याने शिंका थांबतात, पाय कोरडे होतात, ससा घरभर उड्या मारतो, आणि जंतू आत आपले बसलेलेच असतात. औषध थांबलं की ते पुन्हा डोकं वर काढतात, आणि या खेपेला निबर होऊन येतात. मग आधीच्या औषधाला दाद देत नाहीत. सशाच्या नाकामुळे डॉक्टरच्या नाकी नऊ येतात, असं मी म्हणायची आणि एकटीच हसायची, कारण दवाखान्यात मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं. दुसरं कोणी म्हणजे सेल्वी. ती माझी मदतनीस. जनावर धरणं, औषधं देणं, लोकांना रांगेत बसवणं आणि मला तमिळ शिकवणं ही सगळी कामं तिची.

त्यात पुन्हा प्रत्येक अँटिबायोटिक सशाला चालत नाही. आपल्या घराघरांत तापाखोकल्यातून उरलेली पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं असतात. ती सशाला तोंडाने दिली तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि मागोमाग ससा. नागपूरचा अमेय म्हणून एक आयटीतला इंजिनिअर होता. सशाला शिंका येतात म्हणून त्याने स्वतःच्या दाढदुखीतून उरलेल्या कॅप्सूल उघडून पाण्यात कालवून त्याला पाजल्या. तिसऱ्या दिवशी पोट फुगलेला ससा घेऊन आला. “मॅडम, डोस मी वजनाच्या हिशेबाने काढला होता,” असं म्हणत लॅपटॉप उघडून दाखवायला लागला. त्याचं गणित अगदी बरोबर होतं. ससा संध्याकाळपर्यंत गेला. मी त्याला इतकी तोडून बोलले की सेल्वी आतून आली आणि माझ्याकडे डोळे वटारून तिने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तो बिचारा माहीत नसताना चुकला होता. मी पुढे जी चूक केली ती सगळं माहीत असताना केली, आणि मला कोणीच तोडून बोललं नाही.

लोकांना सगळ्यात अवघड जातं ते ‘बरं होणार नाही’ हे पचवणं. औषध आहे, रोज द्यायचं आहे, आणि तरी बरं होणार नाही? मग कशाला द्यायचं? या प्रश्नावर सेल्वीने माझ्याकडून एक तमिळ वाक्य घोकून घेतलं होतं: “गुणम् आगादु, कंट्रोल दान.” म्हणजे पूर्ण बरा होणार नाही, आटोक्यात राहील, एवढंच. हे ऐकून लोकांचे चेहरे पडायचे. एकदा कोवलमहून राणीअम्मा आली. मासे विकणारी. दोन बस बदलून, माशांच्याच टोपलीत ससा घालून आलेली. सेल्वीने न बोलता खिडकी उघडली. मी माझं घोकलेलं वाक्य म्हटलं. राणीअम्माने क्षणभर विचार केला आणि विचारलं, “शुगर मादिरी दाने?” म्हणजे मधुमेहासारखंच ना? तिच्या नवऱ्याला मधुमेह होता. रोज गोळी, गोळी थांबली की पाय सुजणार, यात तिला नवीन काही नव्हतं. तिने पिंजरा माशांच्या शेडमधून हलवला, खालचा ओला भुसा रोज बदलला, आणि एक दिवस न चुकवता औषध दिलं. तो ससा तिच्या घरी म्हातारा होऊन मेला. तेव्हापासून येईल त्याला मी ‘शुगर मादिरी’ सांगायला लागले. मुद्दा असा की, ‘बरा झाला’ हा शब्द तमिळमध्ये मी एकाही सशाबद्दल कधी उच्चारला नाही. परक्या भाषेत माणूस पाऊल जपून टाकतो.

आता पद्मा मामी.

सैदापेटला राहायच्या. मामी नात्याने नव्हे, इकडे वयस्क बाईंना तसं म्हणतात. निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. पंचाहत्तरी उलटलेली, घरात एकट्या. प्लॅस्टिकच्या भाजीच्या टोपलीवर पंचा बांधून पहिल्यांदा आल्या आणि सेल्वीशी तमिळमध्ये बोलत होत्या. मी पंचा सोडून सशाला उचललं तर तो लाथा झाडायला लागला. तेव्हा मामी त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “हालूं नको रे, आत्तां जालें.”

माझ्या हातातून ससा सुटायचाच राहिला. “मामी, तुम्ही मराठी?”

“आम्ही तंजावूरचे,” त्या म्हणाल्या. “आमच्या पणज्याचे पणजे तिकडून आले. घरांत हेंच बोलत्यों. बाहेर कोणाला कळत नाहीं.”

इथल्या तंजावूरकडच्या मराठी घरांचं असं असतं. घरात मराठी, बाकी सगळं तमिळ. आणि ते मराठी म्हणजे आपल्याला जुन्या पोथीतलं वाटावं असं, वर तमिळची झाक. मामींना देवनागरी वाचता येत नसे. मराठी लिहायचं तर त्या तमिळ अक्षरांत लिहीत. एखाद्या अमेयला तोडून बोलण्यापलीकडे मला इतक्या वर्षांत कामाच्या जागी कोणाशी मराठीत बोलायला मिळालं नव्हतं. मी त्या दिवशी पेशंट खोळंबून ठेवून त्यांच्याशी तासभर गप्पा मारल्या. सेल्वी बाहेरून दोनदा डोकावून गेली.

सशाचं नाव सुंडल. समुद्रावर चण्यांचं सुंडल मिळतं, त्या रंगाचा होता म्हणून. तो मुळात मामींचा नव्हताच. वरच्या मजल्यावर एक नोकरदार जोडपं भाड्याने राहायचं. ते बंगळूरला बदली होऊन गेले. जाताना “मामी, दोन दिवस ठेवा” म्हणून टोपली देऊन गेले, आणि ते दोन दिवस कधी संपले नाहीत. मामींनी जन्मात जनावर पाळलं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की हा शिंकतो. मी पुढचे पाय उलटे करून पाहिले. केसांच्या गुठळ्या होत्या. वरच्या जोडप्याला बहुधा माहीत होतं.

नाकातला स्राव तपासायला पाठवला, औषध ठरवलं. दिवसातून दोन वेळा, सिरिंजने, तोंडाच्या कडेने. मामींच्या बोटांना संधिवात. ससा पंच्यात गुंडाळायचा, मांडीत दाबायचा, ओठाची कड उचलायची आणि थेंब थेंब सोडायचं. ससा म्हणजे मुळात घाबरट जात. त्याला धरलं की त्याला वाटतं आपल्याला कोणीतरी खाणार आहे. सुंडल मामींना बघताच पलंगाखाली जायला लागला. एकदा त्या म्हणाल्या, “डाक्टर, तो दुसऱ्या कोणापासूनही पळत नाहीं. फक्त माझ्यापासून. दोन वेळां त्याला वाटतें, मीं त्याला मारणार.” हसत म्हणाल्या, पण मला ते हसू बरं वाटलं नाही.

तरी पाच महिने त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. शिक्षिकेची शिस्त. एक शाळेची वही केली होती. रोजची तारीख, सकाळ, संध्याकाळ, पुढे बरोबरची खूण. शिंका किती, खाल्लं काय, लेंड्या कशा. मी वही बघून म्हणायची, मामी, माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या पोरांनी अशी वही ठेवली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते. त्या लाजायच्या. उन्हाळ्यात पिंजऱ्यात बर्फाची बाटली ठेवायच्या, दाराला ओला पडदा. सुंडलच्या शिंका कमी झाल्या, मग थांबल्या.

‘शुगर मादिरी’ मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नाही. ते तमिळमधलं वाक्य होतं, तमिळ लोकांसाठी. मामींशी मी मराठीत बोलायची, आणि मराठीत मला कोणी काही घोकायला दिलं नव्हतं. आपल्या भाषेत काय, सगळं समजतंच आहे, असं मी धरून चालले.

पाचव्या महिन्याच्या शेवटी मी भाचीच्या लग्नाला सांगलीला गेले होते. मांडवात हळद चालू, सनई लावलेली, कोणीतरी माझ्या हातात पातळं देत होतं. मामींचा फोन आला. सुंडल महिनाभर एकदाही शिंकला नाही. पाय कोरडे. वजन वाढलं. कोथिंबीर मागून खातो. मी एका कानात बोट घालून ऐकत होते आणि खरंच आनंद झाला होता. त्यांनी विचारलं, “मग आतां बरा कीं, डाक्टर?”

मी म्हटलं, “बरा आहे, मामी, अगदी बरा आहे. काही काळजी करू नका.”

एवढंच. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ होता, त्याची तब्येत ठीक आहे. पाहुणा विचारतो ‘कसा आहेस’ आणि आपण म्हणतो ‘बरा आहे’, तसा. त्याच शब्दाने आपण आजार गेला असंही म्हणतो. हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण मांडवात उभी असताना मी डॉक्टर नव्हते, माहेरी आलेली बाई होते. तमिळमध्ये तोच प्रश्न आला असता तर झोपेतसुद्धा माझ्या तोंडून ‘कंट्रोल दान’ निघालं असतं.

चेन्नईला परत आले. मामी महिन्याच्या तपासणीला यायच्या त्या आल्या नाहीत. सेल्वी म्हणाली, “अम्मा, सैदापेटच्या मामी आल्या नाहीत. फोन करू का?” मी म्हटलं, “त्या आपल्यापेक्षा काटेकोर आहेत. त्यांना काही अडलं तर येतील.” लग्नामुळे पेशंट तुंबले होते. हा दुसरा गुन्हा, आणि याला सनईची सबब नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मामी आल्या. टोपलीवरचा पंचा त्यांनी स्वतःच सोडला. सुंडलचं डोकं एका बाजूला कललं होतं. जंतू कानाच्या आत पोचल्यावर असं होतं. छातीतून कुकरच्या शिटीआधी येतो तसा आवाज. पुढचे दोन्ही पाय चिकट. मी विचारलं, “औषध कधी चुकलं?”

“चुकलें नाहीं,” त्या म्हणाल्या आणि पिशवीतून वही काढली. “पाहा. कोठें माझी चूक आहे तें सांगा.”

मला तमिळ अक्षरं वाचता येतात, पण बोट ठेवून. त्यात तमिळमध्ये प आणि ब एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे मामींचं मराठी वाचताना मला प्रत्येक शब्द दोनदा म्हणून बघावा लागायचा. पाच महिने खुणा, एकही रिकामी जागा नाही. मग एका पानावर खुणा संपल्या. खाली एक ओळ होती. मी पहिल्यांदा ‘परा’ वाचलं. मग बोट मागे नेऊन पुन्हा वाचलं. “डाक्टर म्हणाल्या बरा. औषध पुरे.” त्याखाली मामींनी एक छोटं फूल काढलं होतं. मास्तरीणबाई मुलांच्या वहीवर काढतात तसं.

तारीख हळदीची होती.

मी मान वर केली तेव्हा मामी माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीतरी चुकलंय, पण कोणाचं ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. म्हणाल्या, “माझीच समजूत चुकली असेल. आमचें मराठी मोडकें. तुमच्या पुण्याच्या मराठींत बरा म्हणजे दुसरें कांहीं असेल.”

मी सांगलीची. पुण्याशी माझा संबंध एका बसस्टँडपुरता. पण त्या क्षणी मी तेही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला वाट दिसली आणि मी त्या वाटेने गेले. मी वही मिटली आणि म्हटलं, “असू दे, मामी. झालं ते झालं. आता पुढचं बघू.” सेल्वी बाजूला उभी होती, तिला मराठी कळत नव्हतं. म्हणजे तिथे साक्षीदारही नव्हता. ज्यांना कळत होतं त्या मामींनी तर सगळा दोष पदरात घेऊन टाकला होता, आणि स्वतःच्याच नाही, आपल्या पणज्यांच्या भाषेच्या पदरात घातला होता.

मी जीव तोडून उपचार केले. आधीचं औषध आता लागू पडेना. मग कातडीखालून द्यायची इंजेक्शनं सुरू केली. रोज वाफ. मामी रोज सकाळी रिक्षाने येत. इंजेक्शनला त्या स्वतः सशाला धरत. एकदा वाफ चालू असताना, सशाकडे बघतच त्या म्हणाल्या, “औषध थांबवलें त्यानंतर कांहीं दिवस तो माझ्याजवळ येत होता. मीं पेपर वाचत बसलें कीं पायावर येऊन बसायचा. पांच महिन्यांनीं पहिल्यांदा. मला वाटलें, आतां याला कळलें कीं मीं वाईट नाहीं.” मी वाफेच्या यंत्राची नळी उगाच सरळ करत राहिले.

बाराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, सुंडल बाकावर बसलेल्या मामींच्या मांडीतच गेला. सेल्वी यंत्र लावत होती, मी आत एका मांजराला टाके घालत होते. बाहेर आले तेव्हा मामींनी त्याला पंच्यात गुंडाळलेलं होतं. त्या मला म्हणाल्या, “पोयिट्टान, डाक्टर.” गेला. तमिळमध्ये म्हणाल्या.

मला वाटलं दुःखात भाषा बदलली असेल. पण तसं नव्हतं. त्यानंतर मामी माझ्याशी मराठीत एक शब्द बोलल्या नाहीत. दिवाळीला फोन आला तो तमिळमध्ये. मी मराठीत बोलले तर उत्तर तमिळमध्ये. मी एकदा हसत विचारलंही, मामी, मराठी विसरलात का? त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, नाही, पण औषधपाण्याच्या गोष्टी आपल्याला नीट येणाऱ्या भाषेत बोललेल्या बऱ्या, उगीच पुन्हा चूक नको. मी हो म्हटलं. यावरही मी हो म्हटलं.

हे असंच जिरलं असतं. माणूस फार निगरगट्ट असतो. पण मामींनी माझ्याकडे पेशंट पाठवायला सुरुवात केली. सैदापेट, नंदनम, कुठून कुठून ससे यायला लागले. आणि प्रत्येक जण सांगायचा, पद्मा मामींनी पाठवलं. एक कॉलेजातली मुलगी आली. शिंकणारा पांढरा ससा. मी तिला ‘शुगर मादिरी’ समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, “माहीत आहे, डॉक्टर. मामींनी सांगितलंय. डॉक्टर सांगतात ते नीट ऐकून घे, स्वतःच्या मनाने औषध बंद करू नकोस. मी तसं केलं आणि माझा ससा मारला, असं म्हणाल्या.”

मी त्या मुलीला औषध लिहून दिलं. अक्षर इतकं वाईट आलं की सेल्वीला ते पुन्हा लिहावं लागलं. मुलगी गेल्यावर सेल्वीने मला विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं, तमिळमध्ये, मला जसं जमलं तसं. ऐकून ती दोन मिनिटं टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग, अम्मा?”

दुसऱ्या दिवशी मी सैदापेटला गेले. सुंडल जाऊन आठ महिने झाले होते. मामींनी दार उघडलं, तमिळमध्ये या म्हणाल्या, पंखा लावला. कोपऱ्यात पिंजरा धुऊन उलटा घातलेला होता, त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. देवापुढे समई नुकतीच शांत झालेली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं-तिकडचं बोलून उठले असते, माझं मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, “मामी, तुमचं मराठी मोडकं नाही. तुम्ही बरोबर ऐकलंत. मी ‘बरा’ म्हटलं होतं. बरा म्हणजे बराच. सांगलीत तोच अर्थ, पुण्यात तोच, तंजावूरला तोच. चूक माझी होती. लग्नाच्या गडबडीत मी तोंडाला येईल ते बोलले. औषध चालू ठेवा, हे सांगायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही. परत आल्यावर फोनही केला नाही. आणि तुम्ही वही दाखवलीत तेव्हा मला सगळं कळलं होतं. त्याच मिनिटाला कळलं होतं.”

मामी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांनी पंखा बंद केला, बहुधा नीट ऐकू यावं म्हणून. पण मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं त्या रडतील, किंवा ‘असूं द्या’ म्हणतील. मला अर्थातच ‘असूं द्या’ हवं होतं. त्यासाठीच तर आले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या बोलल्या तेव्हा मराठीत बोलल्या. आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

“मग येवढे दिवस,” त्या म्हणाल्या, “रोज सकाळीं देवापुढें उभी राहून मीं माफी मागत्यें आहें, ती कोणाच्या वाटची?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्या मुलीला नकाशावर नदी दाखवायला सांगावी, तसं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

“माझ्या,” मी म्हटलं.

“सरी,” मामी म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. “उद्यांपासून तुम्ही मागा.”

मी देवळात जाणारी बाई नाही. घरात देव आहेत ते नवऱ्याचे. पण सकाळी तोंड धुऊन झालं की चहाच्या आधी मी तेवढं काम करून घेते.